‘पण तो तर किती शांत वाटतो!’ : कुणी सांगितलं तर आपण काय बोलायचं?

निळाई | मंगळवार, रात्री ११:१२

हा धागा काढू की नको, यात पंधरा दिवस गेले. शेवटी काढतेच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसात प्रिंटरपाशी आम्ही दोघीच होतो. मोठा अहवाल छापायला टाकलेला, त्यामुळे उभं राहण्यावाचून काम नव्हतं. ती माझ्या टीममधली नाही, पण रोज दिसणारी. तिने कागदांचा गठ्ठा डाव्या हाताने उचलला. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पांढऱ्या टेपने एकत्र बांधलेलं. मी सहज विचारलं, ‘दारात सापडलं का?’ ती म्हणाली, ‘दारात नाही. त्याने पिरगाळलं.’ आवाजसुद्धा खाली केला नाही. प्रिंटर चालूच होता.

आणि मी म्हणाले, ‘कोण, तुझा नवरा? पण तो तर किती शांत वाटतो!’

ती हसली. ‘हो ना, शांतच आहे,’ म्हणाली. गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून कडा सारख्या केल्या आणि गेली. त्यानंतर कामाखेरीज एक शब्द माझ्याशी बोलली नाही. सहा महिन्यांनी तिने दुसऱ्या शाखेत बदली घेतली.

मी काही दुष्ट बाई नाही. दर २५ नोव्हेंबरला, म्हणजे स्त्रियांवरच्या हिंसेविरोधातल्या दिवशी, डीपी बदलणाऱ्यांतली आहे. पण ऐन वेळी तोंडातून निघालं ते त्याच्या बाजूचं. मनाने तिची बाजू घेतली असेलही, पण वाक्य त्याच्या बाजूचं होतं आणि तिला ऐकू आलं ते वाक्यच.

मध्यंतरी एक आकडा वाचला, तेव्हापासून झोप उडालीय. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या अहवालात होता : हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून कमी जणी कुठेतरी मदत मागतात. मागणाऱ्यांतल्या बहुतेक घरच्यांकडे किंवा मित्रमैत्रिणींकडे जातात, आणि पोलिसांकडे जाणाऱ्या १० टक्केही नाहीत. म्हणजे वकील, डॉक्टर, हेल्पलाइन यांच्या आधी तिची गाठ पडते ती माझ्यासारखीशी. आणि माझी तयारी शून्य.

तर ज्यांना यातलं खरंच काही ठाऊक आहे, त्यांनी लिहा. घोषणा नकोत. काय बोलायचं, काय नाही, काय करायचं. कायद्याची कलमं शक्यतो नकोत, आपण इथे वेगवेगळ्या देशांतून वाचतो आणि कायदे सगळीकडे निराळे. कुणाचीही ओळख पटेल असं काही लिहू नका. मी वरती तपशील बदललेत.

---

गच्चीवरून | मंगळवार, रात्री ११:४०

माझंही असंच, फक्त उलट्या दिशेने. बहिणीच्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी तिथल्या तिथे ‘सोड त्याला, आजच्या आज निघ’ म्हणून मोकळा झालो. मला वाटलं, किती ठाम भूमिका घेतली! ती पुन्हा कधी बोललीच नाही. वाचतोय.

---

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ७:०५

निळाईताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी आठ वर्षं एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक आहे. सकाळी वेळ असतो, म्हणून लांबलचक लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली डॉक्टर-नर्ससाठी एक पुस्तिका काढली. त्यात पहिल्या आधाराच्या पाच पायऱ्या आहेत : ऐका, तिची गरज विचारा, तिच्या म्हणण्यावर विश्वास दाखवा, ती सुरक्षित कशी राहील ते बघा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. शेवटच्या दोन पायऱ्यांना थोडं शिकावं लागतं. पहिल्या तीन कुणालाही जमतात, आणि बहुतेक लोक नेमके त्याच गाळतात. कारण ऐकून घेणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्याला वाटतं.

आमच्याकडे नव्या मुलींना आधी एक शब्द सोडायला शिकवतात : ‘का’. ‘का सहन करतेस?’, ‘का चिडला तो?’, ‘आधीच का नाही सांगितलंस?’ विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते. पण ‘का’ म्हटलं की समोरची कारणं द्यायला लागते. म्हणजे तिची उलटतपासणी सुरू. त्याऐवजी साधं बोला : ‘बरं झालं सांगितलंस.’ ‘माझा विश्वास आहे.’ ‘तू काहीही केलं असलंस तरी त्याने हात उचलायला नको होता.’ ‘आत्ता तुला माझ्याकडून काय हवंय?’ हा शेवटचा प्रश्न खरा विचारा, आणि उत्तर ‘काही नको, फक्त ऐक’ असं आलं तर तेच करा. ज्या घरात तिचा प्रत्येक निर्णय दुसरा घेतो, तिथून ती बाहेर आली आणि आपणही तिच्यासाठी निर्णय घ्यायला लागलो, तर फरक काय पडला?

गच्चीवरून, तुमच्या ‘आजच्या आज निघ’बद्दल. नातं तोडण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही महिने सगळ्यांत धोक्याचे असतात. ताबा सुटतोय हे कळलं की तो काय करेल याचा अंदाज तिला आपल्यापेक्षा चांगला असतो. ती ‘अजून नाही’ म्हणते ती भित्री म्हणून नव्हे, कित्येकदा हिशोब करून म्हणते. म्हणून निघण्याआधी तयारी. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती दुसरीकडे, जादा किल्ली, रोजची औषधं, थोडे पैसे. मैत्रिणीशी ठरवलेला एक परवलीचा शब्द, जो फोनवर आला की काही न विचारता मदत पाठवायची. भांडण पेटतंय असं वाटलं तर स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं, कारण एकात हत्यारं आणि दुसऱ्यातून निघायला वाट नाही. हे आम्ही फोनवर अक्षरशः खोल्या मोजून करतो : ‘दार कुठल्या बाजूला आहे? तिथपर्यंत किती पावलं?’

आणि कृपा करून ‘दोघांना समोरासमोर बसवून समजावू’ हे करू नका. त्या खोलीत ती जे खरं बोलेल, त्याची किंमत घरी गेल्यावर तीच मोजते.

---

निळाई | बुधवार, सकाळी ९:२०

‘का’चं वाचून गप्प झाले. माझ्या डोक्यात तेव्हा सगळे ‘का’च होते.

ती परत त्याच्याकडेच गेली तर? मग काय म्हणायचं?

---

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ९:३१

‘दार उघडंच आहे.’ एवढंच. जाऊन परत येणं, पुन्हा जाणं, हे फार सर्रास घडतं. ‘आता माझ्याकडे येऊ नकोस’ असं एखादी मैत्रीण रागाने म्हणाली, की त्याचं निम्मं काम तिने केलं. ती एकटी पडावी हेच तर त्याला हवं असतं.

---

टाकीचे_घाव | बुधवार, दुपारी २:१५

मी नर्स. आकस्मिक विभागात. माझ्याकडून एकच गोष्ट, पण ती लक्षात ठेवाच.

‘त्याने गळा धरला’ हे वाक्य ऐकलंत, तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

लोक हे वाक्य ‘थोबाडीत मारली’च्या सुरात सांगतात. ऐकणारेही तसंच ऐकतात, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. गळा दाबल्याच्या निम्म्या प्रकरणांत त्वचेवर खूणसुद्धा नसते. पण मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो. आतल्या थराला चीर गेली तर काही दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, म्हणजे भांडण सगळे विसरून गेल्यावर. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखलं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके दिसले, तेवढ्या वेळातलं काही आठवत नसलं, कपड्यात लघवी झाली, तर ताबडतोब दवाखाना. ठिपके नसले तरी दवाखाना. आणि तिथे स्पष्ट सांगा की गळा दाबला होता, कारण ‘पडले’ म्हटलं तर कुणी मान तपासणार नाही.

दुसरं कारण याहून गंभीर. जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून जास्त असते, असं २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. जॅकलिन कॅम्पबेल या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८५ साली जिवाचा धोका मोजायची प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरतात. त्यात गळा दाबण्याचा प्रश्न आहे, घरात बंदूक आहे का हा आहे, ‘मारून टाकीन’ म्हणाला का हा आहे, गरोदर असताना मारलं का हाही आहे. मला ती प्रश्नावली आवडते, कारण तिच्यात ‘किती लागलं’ यापेक्षा ‘कसं मारलं’ याला जास्त वजन आहे. आम्ही दवाखान्यातले लोक टाके मोजायला फार लवकर शिकतो.

---

टाकीचे_घाव | बुधवार, दुपारी २:२८

वरच्या प्रतिसादात राहिलं. बलात्कार झाला असेल तर घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. मग २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ५ दिवसांपर्यंत घेता येते, तिचंही तेच, उशीर नको. अंघोळ न करता, कपडे न धुता आलं तर पुरावा नीट मिळतो. कपडे प्लॅस्टिकमध्ये नको, कागदी पिशवीत. पण अंघोळ झालेली असेल तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. उपचार पुराव्यावर अवलंबून नाहीत. पोलिसात जायचं की नाही, हे ती नंतर ठरवेल.

---

मधल्या_सुट्टीत | बुधवार, संध्याकाळी ६:०२

सगळं ठीक. पण नेहमीप्रमाणे एकच बाजू चाललीय. खोट्या तक्रारींचं काय? पुरुषही मार खातात. आणि खरंच जबरदस्ती झाली तर बाई ओरडणार नाही का?

---

बाराखडी | बुधवार, संध्याकाळी ६:०९

आलेच :)

---

कोरी_पाटी | बुधवार, रात्री ९:४५

मधल्या_सुट्टीत, मार खाणारे पुरुष आमच्याकडेही फोन करतात. त्यांच्याशीही असंच बोलतो, ‘पुरुष असून मार खाल्लास?’ असं विचारत नाही. या धाग्यातलं सगळं त्यांनाही लागू आहे, जरूर वापरा.

खोट्या तक्रारीचा निवाडा न्यायालय करेल. मैत्रिणीने सांगितलेलं ऐकून घेताना माझ्या हातात ना शिक्षा आहे ना तुरुंगाची किल्ली. विश्वास ठेवून मी फसले तर माझी एक संध्याकाळ वाया जाईल. विश्वास न ठेवता फसले तर काय जाईल, ते निळाईताईंनी लिहिलंय.

ओरडण्याबद्दल. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात २९८ स्त्रियांचा अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. आपण ‘दातखीळ बसली’, ‘पाय जमिनीला खिळले’ म्हणतो, ते उगाच नाही. ते ठरवून करता येत नाही, ठरवून थांबवताही येत नाही. आणि जिचं शरीर असं थिजतं तिला पुढे मानसिक त्रास जास्त होतो, हेही त्यातच दिसलं. कारण सगळं जग आणि ती स्वतःही तोच प्रश्न विचारत राहते, जो तुम्ही विचारलात.

---

मधल्या_सुट्टीत | बुधवार, रात्री १०:३०

थिजण्याचं माहीत नव्हतं. तेवढा मुद्दा मागे घेतो. बाकीचे मुद्दे कायम.

---

व्यवस्थापक | बुधवार, रात्री १०:५२

बाकीच्या मुद्द्यांसाठी वेगळा धागा काढावा. मधले सहा प्रतिसाद उडवले आहेत.

---

शेवटचा_स्टॉप | गुरुवार, पहाटे ४:१८

मी या आयडीने पहिल्यांदा लिहितेय, दुसऱ्या आयडीने तुम्ही मला ओळखता. मुद्दाम नवा घेतला.

मला कधीच मारलं नाही. हे आधीच सांगते, कारण त्यामुळेच मला नऊ वर्षं कळलं नाही.

तो फोनची बॅटरी बघायचा. सकाळी निघताना किती टक्के, संध्याकाळी किती. फरक जास्त दिसला तर ‘कुणाशी बोलत होतीस?’ बिलं मागायचा आणि मागच्या बाजूला वेळ लिहून ठेवायचा. दुकानातून घरी यायला अकरा मिनिटं लागतात हे त्याने एकदा चालून मोजलं होतं. तेरा झाली की जेवणाच्या टेबलावर घड्याळ काढून ठेवायचा, बोलायचा काही नाही. मी पळत यायला लागले. वर्षभर पळत आले आणि मैत्रिणींना सांगायचे की व्यायाम करते.

याला नाव आहे हे मला नंतर कळलं. इव्हान स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने २००७ साली यावर पुस्तक लिहिलं : जबरी नियंत्रण. मारहाण हे त्यातलं एक साधन, तेही लागेलच असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. मी तिथे राहत नाही, मला त्याचा काही उपयोग नव्हता. पण नाव मिळाल्यावर मी पहिल्यांदा रडले. तोवर मला वाटायचं, मी तक्रारखोर आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या एका मैत्रिणीने एक गोष्ट केली. दर महिन्याला एक मेसेज. कधी मांजराचा फोटो, कधी ‘आज तुझी आठवण आली’. उत्तर मागायची नाही. ‘कशी आहेस?’ सुद्धा विचारायची नाही, कारण त्या प्रश्नाला मला त्याच्यासमोर उत्तर द्यावं लागलं असतं. चार वर्षं. त्याने ते सगळे मेसेज वाचले, त्यात पकडण्यासारखं काहीच सापडलं नाही. ज्या दिवशी मी निघाले त्या दिवशी मला पाठ असलेला एकच नंबर होता, तिचा.

आणि ‘पीडिता’ की ‘सर्व्हायव्हर’ यावर इथे पूर्वी वाद झालेत. मला दोन्ही चालतं. निघाले त्या वर्षी मी पीडिताच होते, तरून-बिरून काही गेले नव्हते. तिला विचारा, ती म्हणेल तो शब्द.

---

निळाई | गुरुवार, सकाळी ७:५०

शेवटचा_स्टॉप, काय लिहू. बरं झालं सांगितलंत. (हे आता कोरी_पाटीताईंकडून शिकलेलं नाही, मनापासून आहे.)

---

खिडकी | गुरुवार, सकाळी ११:२०

बॅटरी टक्के वाचून अंगावर काटा आला. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, तेवढ्यापुरतंच लिहितो.

तिच्या फोनवर पाळत असल्याचा संशय आला, तर तो फोन घेऊन लगेच ‘साफ’ करायला बसू नका. आमच्या धंद्यातल्यांना हीच खुमखुमी असते. ट्रॅकिंग अचानक बंद पडलं की त्याला तत्काळ कळतं, आणि मग तो विचारतो, कुणाला दाखवलास फोन? आधी तिला विचारायचं की तो बंद केला तर काय होईल. मदत शोधायची ती दुसऱ्याच्या फोनवरून किंवा ऑफिसातून. कित्येकदा गुप्त ॲप वगैरे नसतंच. त्याला पासवर्ड ठाऊक असतो, कुटुंबाचं सामाईक खातं असतं, जुन्या टॅबवर तिचे मेसेज उघडे असतात, लोकेशन ‘सोयीसाठी’ शेअर केलेलं असतं. आयफोनमध्ये २०२२पासून ‘सेफ्टी चेक’ आहे, कुणाकुणाला काय दिसतंय ते एका जागी दाखवतं आणि एका झटक्यात तोडतं. पण तो झटका कधी द्यायचा, हे पुन्हा तिनेच ठरवायचं.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर ‘स्टॉप-एनसीआयआय’ ही साइट २०२१पासून आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर फोटोचा आकड्यांमधला ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कुणी टाकायला गेलं तर अडवता येतो. सगळ्या साइट्स सहभागी नाहीत, त्यामुळे हे रामबाण समजू नका. आणि धमकीचे मेसेज रागाने डिलीट करू नका. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, आणि ते तिच्या फोनमध्ये न ठेवता सुरक्षित माणसाकडे.

---

बाराखडी | गुरुवार, दुपारी ४:४४

थोडं अवांतर वाटेल, पण माझा धंदा भाषेचा आहे, म्हणून.

मराठीत आपण म्हणतो, ‘तिच्यावर अत्याचार झाला.’ पाऊस झाला, तसा. करणारा वाक्यात कुठे आहे? ‘तिने मार खाल्ला.’ खाल्ला! म्हणजे क्रियापदही तिचंच. ‘तिची छेड काढली गेली’, ‘ती बळी पडली’. वर्तमानपत्रातली आठ दिवसांची कात्रणं घेऊन बसले होते, त्यातल्या बऱ्याच मथळ्यांतून तो गृहस्थ अदृश्य आहे. आता हेच बदलून लिहा : ‘त्याने तिला मारलं.’ लगेच पुढचा प्रश्न त्याच्याबद्दल येतो. ‘का मारलं?’, ‘आता कुठे आहे तो?’ मघाचे कोरी_पाटींचे सगळे ‘का’ आपोआप पत्ता बदलतात.

आणि आपल्या म्हणी! भांड्याला भांडं लागायचंच. घरोघरी मातीच्या चुली. झाकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणी वाईट नाहीत, दोन बरोबरीच्या माणसांच्या कुरबुरीला चपखल बसतात. पण एक भांडं सतत आपटतंय आणि दुसऱ्याला सतत पोचे पडताहेत, तेव्हा ‘भांड्याला भांडं’ म्हणणारा आवाज ऐकतोय, पोचे बघत नाहीय. म्हण टाकली की बोलणं संपतं, हाच तिचा उपयोग. धाग्याच्या शीर्षकातलं वाक्यही त्याच घराण्यातलं.

---

गच्चीवरून | गुरुवार, रात्री ८:१०

बाराखडी, दंडवत.

व्यवहारी प्रश्न. शेजारच्या घरातून आवाज येतात. आपटल्याचे, रडण्याचे. तेव्हा काय करायचं? मी एकदा टीव्हीचा आवाज मोठा केला होता. आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

---

पाणपोई | गुरुवार, रात्री ८:३५

बेल वाजवायची. २००८ साली भारतात ‘बेल बजाओ’ म्हणून मोहीम निघाली होती, तिच्यात एवढंच होतं. बेल वाजवा आणि काहीतरी क्षुल्लक मागा. वाय-फाय चालू आहे का, पाणी येतंय का. भांडण नाही, भाषण नाही. त्याला कळतं की भिंतीपलीकडे कान आहेत.

---

टाकीचे_घाव | गुरुवार, रात्री ९:००

मला हे सरसकट पटत नाही. हत्यार असेल, तो प्यायलेला असेल, तर बेल वाजवणाराही आमच्या विभागात येतो. आले आहेत. जीव जाईल असं वाटलं तर थेट आपत्कालीन नंबर.

---

पाणपोई | गुरुवार, रात्री ९:१२

मान्य. एकट्याने नाही, आणि ‘बायकोला मारतोस काय’ म्हणून तर नाहीच, कारण तुम्ही परत गेल्यावर त्याचा जाब तिला विचारला जातो. दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना मात्र बोला : ‘काल आवाज ऐकला. काही लागलं तर मी आहे.’ गच्चीवरून, हे एक वाक्य टीव्हीच्या आवाजानंतरही म्हणता येतं. उशीर झाला असं नसतं.

आता प्रतिबंधाचं. मी वस्त्यांमध्ये पुरुषांबरोबर काम करतो. प्रामाणिकपणे सांगतो, पोस्टर लावून काही होत नाही. आम्ही खूप लावली. ज्या कामाचा नीट मोजलेला परिणाम मी वाचलाय ते युगांडात, कंपालामध्ये झालं. नाव ‘सासा’, स्वाहिलीत याचा अर्थ ‘आता’ (आपल्याकडे चुकून सासू-सासरे आठवतात, ते सोडा). आठ वस्त्या घेतल्या, चारांत काम केलं, चारांत नाही. काम करणारे बाहेरचे तज्ज्ञ नव्हते, तिथलेच लोक होते आणि त्यांनी आपापल्या ओळखीत गप्पा चालवल्या. सुरुवात ‘हिंसा वाईट’ अशी नाही, ‘सत्ता’ या शब्दापासून. तुझ्यावर कोण सत्ता गाजवतं? तेव्हा कसं वाटतं? मग, तू कुणावर गाजवतोस? २०१४ साली निष्कर्ष आले. काम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण दुसऱ्या वस्त्यांच्या तुलनेत ५२ टक्के कमी दिसली. आणि हे सगळ्या वस्तीत मोजलेलं, फक्त बैठकांना आलेल्यांत नाही.

मी तो पहिला प्रश्न उचलला. साहेबावर, मालकावर, बापावर माणसं तासभर बोलतात. दुसऱ्या प्रश्नाला खोली शांत होते. एकदा एक जण बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपत बसला आणि म्हणाला, ‘माझी पोरगी मी आलो की टीव्ही बंद करते. मला वाटायचं, मान देते.’ त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही. झालंही नसतं.

---

वळवाची_सर | गुरुवार, रात्री ११:०५

लहान भर. २०२०च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, कॅनडातल्या एका महिला प्रतिष्ठानने एक खूण काढली : तळवा समोरच्याकडे, अंगठा आत दुमडायचा, बाकीची चार बोटं त्यावर मिटायची. न बोलता, व्हिडिओ कॉलवर करता येते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत केंटकीमध्ये गाडीतून नेल्या जाणाऱ्या एका मुलीने काचेतून ही खूण केली. मागच्या गाडीतल्या माणसाला ती ठाऊक होती, त्याने पोलिसांना कळवलं आणि ती सुटली. खूण समजली तर आरडाओरडा करू नका. फक्त ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असं विचारा : ‘मी फोन करू का?’

मुलाला शिकवली. त्याने वर्गात सगळ्यांना शिकवली.

---

निळाई | सोमवार, दुपारी १:२२

चार दिवस गप्प होते, कारण शुक्रवारी मी तिला मेसेज केला. शेवटचा_स्टॉपच्या मैत्रिणीसारखा, पकडण्यासारखं काही नसलेला. आमच्या जुन्या प्रिंटरचा फोटो, कागद अडकलेला. ‘अजून तसाच आहे’ एवढंच लिहिलं.

आज उत्तर आलं. ‘अजून कागद खातो?’ आणि खाली, ‘बोलायचं होतं. [वेळ काढून टाकली – व्यवस्थापक] ला फोन करू? तेव्हा मी एकटी असते.’

---

कोरी_पाटी | सोमवार, दुपारी १:३०

व्यवस्थापकांना मीच कळवलं, राग मानू नका. हा धागा कोण कोण वाचतं कुणास ठाऊक. फोनबद्दल यापुढे इथे काहीच लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिने दिलेल्या वेळेआधी तिला काही पाठवू नका, आणि फोन तिचाच येऊ दे. नाही आला तर तुम्ही करू नका.

---

निळाई | सोमवार, दुपारी १:३३

बरं. हात थरथरताहेत. उचलल्यावर पहिलं वाक्य काय म्हणू? माफी मागू का त्या दिवसाची?

---

कोरी_पाटी | सोमवार, दुपारी १:३५

माफी नंतर, आणि ती थोडक्यात. नाहीतर तीच तुमची समजूत काढत बसेल. आधी विचारा, ‘आत्ता बोलायला मोकळी आहेस का?’ आणि मग थांबा. प्रिंटरपाशी होतात तशा.